द्राक्षबागेतील बंद डब्याचे तारेविना चार्जिंग : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सांगली

सावळजच्या बागेत गेल्या वर्षी बसवलेले मातीतील ओल मोजणारे तीनही डबे आज घरी आणून उघडले. तीनही बंद पडले होते आणि तिन्हींचे दुखणे एकच निघाले. आतला बोर्ड कोरडा, सेल ठणठणीत, रेडिओ व्यवस्थित. खराब झाले आहे ते फक्त चार्जिंगचे तोंड. रबरी टोपण असूनही तिथे निळसर हिरवा थर बसला आहे आणि दोन पिना तर खाऊन गेल्या आहेत. हे बोर्डो मिश्रणाचे काम आहे. पावसाळ्यात डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी मोरचूद आणि चुना यांची फवारणी चुकत नाही, आणि तांब्याचा क्षार ओलाव्यासकट धातूच्या बारीक पिनेवर बसला की ती पीन फार दिवस राहत नाही.

डब्याची विजेची गरज अगदी थोडी आहे. २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल सुमारे चाळीस दिवस पुरतो. प्रश्न आहे तो दर चाळीस दिवसांनी बंद डब्याच्या आत वीज न्यायची कशी, एवढाच. सौर पाटी लावावी, असे पुतण्याने सुचवले. पण वेलींच्या मांडवाखाली दिवसभर सावली असते, मांडवाच्या वर पाटी बसवली तर काचेवर फवारणीचा थर जमतो, आणि मुख्य म्हणजे पाटीची तार डब्यात घ्यायला पुन्हा भोक पाडावेच लागते. ज्या भोकापायी डबे गेले तेच भोक दुसऱ्या निमित्ताने ठेवायचे नाही, असे मी ठरवले. डबा कायमचा बंद करायचा आणि वीज भिंतीतून आत न्यायची.

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे आणि पुतण्याचे कुपवाडला मोटारी रिवाइंडिंग करण्याचे दुकान आहे. विषय माझा आणि हात त्याचे, अशी वाटणी आहे.

१२ जून

मोबाइलच्या तारविरहित चार्जिंगचे तयार साधन आणून पाहिले. टेबलावर ते उत्तम चालते. पण क्यूआय या नावाने ओळखली जाणारी ती पद्धत जवळजवळ चिकटून ठेवलेल्या मोबाइलसाठी आखलेली आहे. दोन कॉइलींत काही मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर तिला मानवत नाही. आमच्या डब्याची भिंत ३ मिलिमीटरची, तिला आतून उभ्या पट्ट्या, त्यावर ओलावारोधक अस्तर. शिवाय बागेत डबा कधीच सपाट धरला जात नाही. ९ मिलिमीटरवर साधनाचा दिवा लुकलुकत राहिला आणि चार्जिंग सुरू झालेच नाही. आपणच कॉइल बनवायची, हे आज नक्की झाले.

१५ जून

पुतण्याच्या दुकानात पहिल्या दोन कॉइली गुंडाळल्या. १८ गेजची इनॅमलची तार, १६ वेढे, चकलीसारखे सपाट. बाहेरचा व्यास १० सेंटिमीटर आणि आतला ६. सूत्राने प्रेरकत्व, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा कॉइलीचा गुण, ३० मायक्रोहेन्री येते आणि मीटरवर २९ व ३१ आले. हाताने गुंडाळलेल्या कॉइलीकडून याहून अधिक अपेक्षा नाही.

पुतण्या रोज ट्रान्सफॉर्मर हाताळतो, त्यामुळे त्याला मूळ तत्त्व सांगावे लागले नाही. फक्त त्याची नजर थोडी वळवावी लागली. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले ते हेच, की एका कॉइलीतील प्रवाह बदलला की जवळच्या दुसऱ्या, पूर्णपणे सुट्या कॉइलीत विद्युतदाब निर्माण होतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे आणि सेकंडरीचे तांबे एकमेकांना कुठेच जोडलेले नसते. म्हणजे गावातील प्रत्येक डीपीमध्ये वीज एका ठिकाणी तारेशिवायच उडी मारते. ती उडी आपल्याला दिसत नाही, कारण मध्ये लोखंड असते आणि ते लोखंड चुंबकीय क्षेत्राला हाताला धरून पलीकडे नेते. लोखंड काढून घेतले तर क्षेत्र चहूकडे पसरते आणि त्यातला थोडासाच भाग दुसऱ्या कॉइलीतून जातो. या भागाला युग्मन गुणांक म्हणतात. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो जवळपास १ असतो. आमच्या कॉइलींचा, ४ सेंटिमीटर अंतरावर, गणिताने ०.१७ येतो.

एवढ्या कमी युग्मनावर काम भागवण्यासाठी अनुनाद लागतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलके हलके ढकलत राहिले की झोका चढत जातो, तसे कॉइलीला योग्य कपॅसिटर जोडून तिची स्वतःची लय ठरवायची आणि दोन्ही बाजूंची लय सारखी ठेवायची. ३० मायक्रोहेन्रीला ०.१ मायक्रोफॅरड जोडला की लय सुमारे ९२ किलोहर्ट्झ येते, म्हणजे घरातील ५० हर्ट्झच्या विजेच्या जवळजवळ १,८४० पट. विजेवरच्या मोटारगाड्यांच्या तारविरहित चार्जिंगसाठी ८५ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा ठरला आहे, हे वाचल्यावर आपण फारशा आडवाटेला नाही, असे वाटले.

२२ जून

पहिले मंडल चालू झाले. ठरल्या लयीत ठोके देणारी ५५५ टायमर ही चिप ९२ किलोहर्ट्झला लावली, त्यामागे त्या ठोक्यांवर प्रवाह चालू-बंद करणारे दोन मॉस्फेट ट्रान्झिस्टर, त्यापुढे कपॅसिटर आणि कॉइल एकासरीत जोडली. वीज फवारणीच्या पाठीवरच्या पंपातील १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीची. बागेत प्रत्येकाकडे हा पंप असतोच, त्यामुळे चार्जर वेगळी बॅटरी मागणार नाही, हा विचार सुरुवातीपासून होता.

दुसऱ्या कॉइलीला स्कूटरचा इंडिकेटरचा दिवा लावला. ४ सेंटिमीटर वरून धरला तर तो झगझगीत लागला. पुतण्याने तो आणखी खाली आणला, जेणेकरून अधिक उजेड पडेल, आणि दिवा मंद झाला. पूर्ण टेकवल्यावर तर फक्त तारेचा लाल धागा दिसत राहिला. "काका, जवळ नेल्यावर कमी कसा काय?" या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. कपॅसिटर तापले होते म्हणून दोष त्यांच्यावर ठेवला. ते साधे सिरॅमिक चकतीचे निघाले, ज्यांची धारिता उष्णतेने आणि विद्युतदाबाने बदलते. ते काढून ६३० व्होल्टचे पॉलिप्रोपिलीनचे बसवले. तापणे थांबले, पण दिव्याचा हट्ट तसाच राहिला.

२३ जून

चहा आला म्हणून पुतण्याने वरची कॉइल दिव्यासकट उचलून बाजूला ठेवली. बॅटरी काढली नाही. कपातला चहा अर्धा व्हायच्या आत पुतण्याला करपट वास आला. दोन्ही मॉस्फेट गेले होते, एकाचे काळे कवच मधोमध तडकले होते आणि बोर्डवरची तांब्याची पट्टी उचलून आली होती. फ्यूज लावला नव्हता. ती चूक सर्वस्वी माझी.

२९ जून

आठवडाभर कागदावर गणित मांडल्यावर दिव्याचा हट्ट आणि जळालेले मॉस्फेट ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत, हे लक्षात आले. ते इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण वाइंडिंगच्या कामात मुरलेल्या माणसाचा अनुभव इथे नेमका उलटा पडतो.

ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरचा भार काढला की प्रायमरीचा प्रवाह उतरतो, हे पुतण्याच्या हाडीमाशी भिनलेले आहे. तिथे प्रायमरीचा प्रवाह अडवून धरायला तिचे स्वतःचे प्रेरकत्व असते. आमच्या मंडलात मात्र त्या प्रेरकत्वाचा अडथळा कपॅसिटरने नेमक्या त्याच वारंवारतेला रद्द केलेला आहे; त्यासाठीच तर तो लावला आहे. मग प्रवाहाला अडवायला उरतो तो तारेचा आणि मॉस्फेटचा किरकोळ रोध, ०.३ ओहमच्या घरातला. दुसरी कॉइल समोर असते तेव्हा तिचा भार पहिल्या कॉइलीत परावर्तित रोध होऊन उभा राहतो आणि प्रवाहाला लगाम घालतो. दुसरी कॉइल जितकी जवळ, तितका हा लगाम घट्ट. म्हणून टेकवल्यावर दिवा मंद झाला. ती उचलून नेली आणि लगामच सुटला. हिशेबाने प्रवाह २५ अँपिअरच्या आसपास जातो. भार नसताना मंडल निवांत राहील, ही समजूत ट्रान्सफॉर्मरकडून उसनी घेतलेली होती.

दुसरी भर वारंवारतेच्या फुटण्याची. एकाच लयीचे दोन झोपाळे एकाच आडव्या दोरीला बांधले तर त्यांची मिळून एक लय राहत नाही, दोन होतात. तशाच जवळ आणलेल्या दोन कॉइलींची एकच ९२ किलोहर्ट्झची लय उरत नाही. २ सेंटिमीटरवर ती ७८ आणि ११७ अशी दोन ठिकाणी फुटते, आणि ५५५ टायमर मात्र मधल्या, आता ओस पडलेल्या ९२ वरच ठोके देत बसतो.

निर्णय असा की ठोके बाहेरून द्यायचे नाहीत. दोन मॉस्फेट एकमेकांच्या गेटला, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या टोकाला, आडवे जोडून, कॉइल आणि कपॅसिटर समांतर ठेवून, कॉइलीच्या लयीवरच मंडलाने स्वतः झुलायचे. अशा मंडलाची लय अंतर बदलले की आपोआप सरकते, आणि समोर कोणी नसताना ते बॅटरीतून फारच थोडा प्रवाह घेते.

३० जून

नवे मंडल चालले. समोर काही नसताना ०.१५ अँपिअर. या वेळी ३ अँपिअरचा फ्यूज आधी बसवला आणि मग बॅटरी जोडली. या मंडलाचीही एक खोड आहे: बॅटरी उतरलेली असेल तर झुलणे सुरूच होत नाही आणि दोन्ही मॉस्फेट एकाच वेळी चालू राहून बॅटरी सरळ शॉर्ट होते. फ्यूज त्यासाठीच आहे. संध्याकाळी एका जुन्या बॅटरीवर तो एकदा उडालाही.

६ जुलै

१८ गेजच्या तारेची कॉइल तासाभरात हाताला चटका बसेल इतकी तापते. डीसीवर तिचा रोध फक्त ०.०६ ओहम आहे, मग उष्णता कुठून येते, हा पुतण्याचा प्रश्न रास्त होता. ९२ किलोहर्ट्झचा प्रवाह तांब्यात पृष्ठभागाखाली ०.२२ मिलिमीटरच्या पलीकडे फारसा शिरत नाही. सव्वा मिलिमीटर जाडीच्या तारेचा गाभा त्यामुळे बिनकामाचा राहतो, आणि शेजारच्या वेढ्यांच्या क्षेत्रामुळे प्रवाह उरलेल्या कडेतही एका बाजूला ढकलला जातो.

उपाय म्हणजे तेवढेच तांबे अनेक बारीक, एकमेकांपासून इनॅमलने अलग असलेल्या तारांत वाटून घेणे. ३६ गेजची तार ०.१९ मिलिमीटरची असते आणि तिचे ४० पदर मिळून १८ गेजच्या एका तारेइतके तांबे होते. पुतण्याने ४० पदर दुकानाच्या दाराच्या कडीला अडकवले, दुसरे टोक ड्रिल मशीनच्या तोंडात धरले आणि अगदी सावकाश फिरवत चार मीटरचा पिळदार दोर केला. पिळण्याची गरज यासाठी, की प्रत्येक पदराने कधी आत आणि कधी बाहेर यावे. सरळ जुडी बांधली तर बाहेरचेच पदर सगळा प्रवाह ओढतात.

खरे जिकिरीचे काम टोकांचे निघाले. चाळीसही पदरांचे इनॅमल निघाल्याशिवाय सोल्डर धरत नाही. पहिल्या खेपेला कॉइल अपेक्षेपेक्षा जास्त तापली. भिंगातून पाहिले तर टोकाशी सात पदर सोल्डरमध्ये नुसते बुडून बसले होते, जोडलेले नव्हते. पॉलिशपेपरने एकेक पदर पुन्हा घासला. दुसऱ्या खेपेला तासाभरानंतरही कॉइल कोमटच राहिली.

१३ जुलै

दिवसभर अंतराचे मोजमाप केले. दोन्ही कॉइली सारख्या, पिळदार तारेच्या, मध्ये थर्माकोलचे तुकडे. प्रत्येक अंतराला भाराचा रोध बदलून सर्वात चांगला आकडा घेतला. बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी भारापर्यंत पोहोचलेली वीज १ आणि २ सेंटिमीटरला ७० टक्के, ४ सेंटिमीटरला ६२, ८ सेंटिमीटरला ४१, १२ सेंटिमीटरला १७ आणि १६ सेंटिमीटरला ६ टक्के भरली. टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष शक्ती अधिक बोलकी आहे. १६ सेंटिमीटरला जे पोहोचते त्यावर एक बारीक एलईडी लागतो, बाकी काही नाही.

कॉइलीचा व्यास १० सेंटिमीटर आहे आणि गाडी व्यासाच्या जवळपासच अडखळू लागते, हे योगायोगाने घडत नाही. कॉइलीपासून दूर गेल्यावर तिचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटते आणि पोहोचणारी शक्ती सहाव्या घाताने. अंतर दुप्पट केले तर तिथे चौसष्टावा हिस्सा उरतो. अमेरिकेतील एमआयटीच्या गटाने २००७ मध्ये ६० वॅटचा दिवा २ मीटरवरून पेटवून दाखवला, तेव्हा त्यांच्या कॉइलींचा व्यास सुमारे ६० सेंटिमीटर होता, वारंवारता १० मेगाहर्ट्झच्या जवळ आणि कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे व्यासाच्या तिपटीहून थोडे अधिक अंतर, आणि तेही अत्यंत निगुतीने जुळवलेल्या अनुनादावर. अंतराची मोजपट्टी मीटर नव्हे, कॉइलीचा व्यास आहे, हे पुतण्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवले.

१४ जुलै, सावळज

धाकट्या बंधूंना काल टेबलावरचा दिवा फोनवरून दाखवला होता, त्याचा परिणाम आज बागेत भोगावा लागला. विहिरीपासून खांबापर्यंतची त्यांची केबल तीन वर्षांत दोनदा चोरीला गेली आहे. "अण्णा, हवेतनं वीज जाते म्हणताय, तर मग मोटारीला केबल कशाला पाहिजे?" खांब ते विहीर तीनशे मीटर आणि मोटार ५ अश्वशक्तीची, म्हणजे ३.७ किलोवॅट. प्रश्न थट्टेचा नव्हता, म्हणून उत्तरही हिशेबानेच दिले.

कॉइलींचा मार्ग तीनशे मीटरला बंद आहे. त्यासाठी गावाएवढी कॉइल लागेल. दुसरा मार्ग लहरींचा. विजेचे सूक्ष्मलहरींत रूपांतर करून त्या तबकडीने एका दिशेने सोडायच्या आणि पलीकडे अँटेना व डायोड यांच्या जाळीने पुन्हा डीसी करून घ्यायची. हे कल्पनेतले नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे विल्यम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ३० किलोवॅटहून अधिक वीज दीड किलोमीटरवर अशीच घेतली होती. पण पाठवणारी तबकडी २६ मीटर व्यासाची होती. कारण लहरींचा झोत अंतराबरोबर फाकतो. २.४५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १२ सेंटिमीटर असते, आणि तीनशे मीटरवर झोत ६ मीटर रुंदीत ठेवायचा तर पाठवणारी तबकडीही साधारण ६ मीटरची हवी. एवढे करूनही विहिरीजवळच्या सुमारे २८ चौरस मीटरवर दर चौरस मीटरला १३० वॅट पडतील. सर्वसामान्य माणसांसाठी या लहरींची आंतरराष्ट्रीय शिफारस दर चौरस मीटरला १० वॅटची आहे. त्या वाटेने बैल न्यायचे की नाहीत, हे बंधूंनीच ठरवावे, असे मी म्हणालो. त्यावर ते हसले, पण समाधान झाल्याचे दिसले नाही.

त्यांच्या मोबाइलवर संशोधक निकोला टेस्लाविषयीचा एक संदेशही आला होता: साऱ्या जगाला फुकट वीज मिळणार होती, ती दाबून टाकली गेली. टेस्लाने १८९९ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज येथे मोठे प्रयोग केले आणि १९०१ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला, ही गोष्ट खरी आहे. पृथ्वीलाच वाहक मानून तिच्यातून वीज दूरवर न्यावी, असा त्याचा विचार होता. भांडवलदार मॉर्गनने पुढे पैसे द्यायचे नाकारले, काम थांबले आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. पण पैसे मिळते तरी ज्या कारणाने माझा दिवा १६ सेंटिमीटरवर विझतो ते कारण मनोऱ्याने बदलले नसते: वाट आखून न देता सोडलेली शक्ती पसरते, आणि घेणाऱ्याच्या वाट्याला तिचा कण येतो. तार ही ती वाट आहे. रेडिओचे भागते, कारण त्याला संदेशापुरता कण पुरतो. मोटारीला कण पुरत नाही.

२७ जुलै

डब्यात बसेल अशी ७ सेंटिमीटर व्यासाची घेणारी कॉइल केली आणि सेलच्या वर बसवली. अर्ध्या तासात चार्जिंग मंदावले आणि सेल गरम लागला. लिथियम सेल गरम झालेला मला मुळीच चालत नाही, म्हणून लगेच बंद केले. सेलचे कवच पोलादी आहे आणि बदलते चुंबकीय क्षेत्र त्यात भोवरा प्रवाह निर्माण करते. घरची इंडक्शन शेगडी पातेले नेमके असेच तापवते. आम्ही नकळत सेलचेच पातेले केले होते.

औषधही शेगडीतच सापडले. शेगडीच्या कॉइलीखाली फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय पण वीज फारशी न वाहू देणाऱ्या पदार्थाच्या, काळ्या पट्ट्या असतात. त्या क्षेत्राला वाट देऊन खालच्या भागापासून दूर ठेवतात. भंगारातल्या एका शेगडीच्या पट्ट्या सोडवून कॉइल आणि सेल यांच्यामध्ये शेजारी शेजारी चिकटवल्या. फेराइट ठिसूळ असल्याने दोन तुटल्या, पण तुकडे जुळवून लावले तरी चालते. सेल आता गार राहतो. मात्र फेराइटमुळे कॉइलीचे प्रेरकत्व वाढले आणि लय खाली घसरली. कपॅसिटर कमी करून ती पुन्हा ९२ वर आणण्यात उरलेला दिवस गेला.

२ ऑगस्ट

मोजणी. घेणाऱ्या बाजूला ५ व्होल्टला १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट. बॅटरीतून १२.२ व्होल्टला ०.६५ अँपिअर, म्हणजे ७.९ वॅट. अंतर ९ मिलिमीटर. पैकी ६३ टक्के पोहोचते. साध्या तारेने हेच काम नव्वद टक्क्यांच्या वर झाले असते, याची नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. सेल पूर्ण भरायला तीन तास आणि पंपाच्या बॅटरीचा पाव हिस्सा लागतो. ती बॅटरी शिशाची असल्याने अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणून एका भरणीत दोन डबे.

३ ऑगस्ट

डब्याचे झाकण इपॉक्सीने कायमचे बंद केले. आता आत हात घालायचा मार्ग नाही. दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना घेऊन एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण केले आणि डबा बादलीत बुडवून वर वीट ठेवली. रेडिओवरून आतल्या ओलाव्याचा आकडा येत राहील, असे पाहिले आहे. बादली प्लास्टिकची घेतली आहे. लोखंडी घमेले घेतले असते तर चार्जिंगची चाचणी घमेल्यानेच खाल्ली असती.

१३ ऑगस्ट

दहा दिवसांनी डबा बाहेर काढला. बाहेरून निळा, आतला ओलावा होता तेवढाच. न पुसता, थर असलेल्या अवस्थेतच कॉइल टेकवली; प्रवाहात मीटरवर दिसेल असा फरक पडला नाही. वाळलेला थर तांब्याच्या क्षाराचा आहे, तांबे धातूचा नाही, त्यामुळे त्यात भोवरा प्रवाह फिरत नाही. पुतण्याने कॉइल आणि डबा यांच्यामध्ये छाटणीची कात्री सरकवून पाहिली. मिनिटभरात तिचे पाते गरम झाले आणि चार्जिंग बंद पडले. मोबाइलच्या तयार चार्जरमध्ये अशी परकी धातूची वस्तू ओळखून थांबण्याची सोय असते. आमच्यात ती नाही, म्हणून कॉइलीच्या घरावर लाल रंगाने "कात्री ठेवू नये" असे लिहिले.

२४ ऑगस्ट, सावळज

डबा बागेत बसवला. मांडवाचे खांब लोखंडी अँगलचे आहेत. अँगलला सरळ बांधला तेव्हा बॅटरीतून प्रवाह वाढला आणि सेलला ०.७ अँपिअरच मिळाला. मध्ये लाकडाचा ५ सेंटिमीटरचा ठोकळा घातल्यावर १ अँपिअर पूर्ववत झाला. मांडवाच्या तारांचा त्रास जाणवला नाही, कारण त्या कॉइलीपासून हातभर वर आहेत. कॉइलीच्या घराला पुतण्याने स्कूटरच्या ट्यूबचा पट्टा लावला आहे. तो डब्याभोवती ताणून अडकवला की हात मोकळा राहतो. बंधूंनी स्वतः पट्टा अडकवला, पंपाची बॅटरी जोडली आणि डब्यातला हिरवा दिवा भिंतीतून दिसेपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहिले. उरलेल्या दोन डब्यांसाठी ३६ गेजची तार पुढच्या आठवड्यात सांगलीहून आणायची आहे. फेराइटसाठी आणखी एक मोडकी शेगडी शोधावी लागेल.

मोटारीच्या केबलीसाठी खांबापासून विहिरीपर्यंत तीन फूट खोल चर खणून ती पाइपातून पुरायचे ठरले आहे. जेसीबीवाला काही दिवसांनी येतो म्हणाला.